टेलिफोन आहे का तुमच्याकडे?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी कोपरखैरण्याला राहते, वय ३७. ऐरोलीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नऊ वर्षं होते. मुलगा तीन वर्षांचा असताना त्याला ऑटिझम असल्याचं निदान झालं आणि मी नोकरी सोडली. आता तो आठ वर्षांचा आहे. सकाळी नऊ ते एक वाशीला विशेष शाळा, आठवड्यातून तीन दिवस दुपारी थेरपी. नवरा बीकेसीला बँकेत आहे, साडेसातला निघतो आणि रात्री नऊला येतो. सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांचे गुडघे गेलेत, तरी जमेल तेवढं करतात.

वर्षभरात चार मुलाखती दिल्या. प्रत्येक ठिकाणी पाच वर्षांच्या गॅपवर गाडी अडली. शेवटच्या मुलाखतीत मी खोटंच सांगितलं, की पुढचं शिक्षण घेत होते. मुलाचं नावही काढलं नाही. घरी आले, तो नेहमीसारखा माझ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसला होता. त्याच्याकडे बघवेना. सासूबाई म्हणतात, "त्याला तू हवीयेस, आणि पैशावाचून आपलं काही अडलंय का?" अडलेलं नाही. पण मला काम हवंय, हे त्यांना कसं सांगू?

महिला दिनाला सोसायटीत व्याख्यान होतं. पाहुण्या बाईंनी इंग्लंडच्या स्टीव्ह शर्ली यांची गोष्ट सांगितली. ऑटिझम असलेला मुलगा सांभाळून त्यांनी घरातून सॉफ्टवेअर कंपनी काढली आणि कोट्यवधी मिळवले. "त्यांना जमलं, मग तुम्हाला का नाही?" असं म्हणून त्यांनी भाषण संपवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, पण पोटात गोळा आला होता. थेरपी सेंटरबाहेरच्या बाकावर आम्ही पाच आया बसतो. त्यातल्या दोघी माझ्यासारख्याच आयटी सोडलेल्या. आमच्यातल्या एकीनेही काही काढलेलं नाही. त्या बाईंचं आयुष्य खरंच असं होतं का? की मीच कमी पडतेय? त्यात आता एआय आलंय. माझी वेळ गेली का?

नाव छापू नये, ही विनंती.

प्रिय मैत्रिणी,

तुझ्याएवढी माझी मुलगी आहे, म्हणून अगं-तुगं करते. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या व्याख्यानापाशी अडकले. शर्लीबाईंचं आयुष्य मी बरंच वाचलंय, त्यांना बोलतानाही ऐकलंय. तुमच्या सोसायटीत त्यातलं अर्धंच सांगितलं गेलं. जे अर्धं राहिलं, ते तुझ्या कामाचं आहे. म्हणून आधी ते सांगते.

१९३३ साली जर्मनीत, डॉर्टमुंडला त्यांचा जन्म झाला. जन्मनाव वेरा स्टेफनी. वडील ज्यू आणि पेशाने न्यायाधीश, म्हणजे नाझींच्या राज्यात दुहेरी धोक्यातले. १९३९ च्या जुलैत, युद्ध भडकायला दोन महिने असताना, आई-वडिलांनी पाच वर्षांच्या वेराला आणि तिच्या नऊ वर्षांच्या बहिणीला व्हिएन्नाच्या स्टेशनवर एका आगगाडीत बसवून दिलं. जीव वाचावा म्हणून अशा हजारो मुलांना एकेकटं इंग्लंडला पाठवत होते. एका इंग्रज जोडप्याने त्या दोघींना वाढवलं. आई-वडील पुढे वाचले, भेटलेही, पण तुटलेलं नातं पूर्वीसारखं सांधलं नाही. आपलं वाचलेलं आयुष्य वाया जाऊ द्यायचं नाही, ही ओढ त्यांना तेव्हापासून लागली, असं त्या स्वतः सांगायच्या.

शाळेत मुलींना हवं तेवढं गणित शिकवत नव्हते, म्हणून त्या मुलांच्या शाळेत जाऊन शिकल्या. अठराव्या वर्षी कॉलेजला न जाता लंडनच्या डॉलिस हिलला टपाल खात्याच्या संशोधन केंद्रात नोकरीला लागल्या. युद्धात शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्यासाठी कोलोसस नावाचं यंत्र ज्यांनी बांधलं, ते टॉमी फ्लॉवर्स याच केंद्रातले. दिवसा नोकरी आणि रात्रीचे वर्ग, असं सहा वर्षं करून १९५६ साली त्यांनी गणिताची पदवी घेतली. सरकारी बचत रोख्यांच्या सोडतीचे आकडे काढणाऱ्या 'अर्नी' या यंत्राच्या कामातही त्या होत्या. पुढे संगणक बनवणाऱ्या एका कंपनीत गेल्या. तिथे बाईने किती वर चढायचं हे आधीच ठरलेलं आहे, हे त्यांना लवकरच कळलं.

१९६२ साली त्यांनी नोकरी सोडली आणि सहा पौंड भांडवलावर, घरातल्या जेवणाच्या टेबलावर 'फ्रीलान्स प्रोग्रामर्स' नावाची कंपनी सुरू केली. सॉफ्टवेअर तेव्हा यंत्राबरोबर फुकट मिळायची वस्तू होती. ते कोणी विकत घेईल, आणि तेही बाईकडून, यावर लोक हसले.

आता तारखा बघ. कंपनी १९६२ ची. त्यांचा मुलगा जाइल्स जन्मला १९६३ साली, आणि त्याच्यात काही वेगळं आहे हे कळायला आणखी अडीच वर्षं गेली. म्हणजे 'ऑटिझम असलेला मुलगा सांभाळून कंपनी काढली' हे वाक्य तारखांशीच जुळत नाही. मुलाचं दुखणं समोर आलं तेव्हा कंपनी उभी होती, आणि ती अशा रीतीने उभी होती की एका बाईचा दिवस कोलमडला तरी काम थांबू नये. तुला मला एवढंच सांगायचंय. बाकी सगळं यातूनच येतं.

ती रीत कशी होती ते जरा सविस्तर सांगते, कारण ती मला फार जवळची वाटते.

लग्न झालं किंवा मूल झालं म्हणून संगणकाची कामं सोडून घरी बसलेल्या बायका त्यांनी शोधल्या. शिकलेल्या, अनुभवी, आणि कोणालाच नको असलेल्या. मुलाखतीत काय विचारायचे? "टेलिफोन आहे का तुमच्याकडे?" कारण कामाला लागणारं यंत्र म्हणजे टेलिफोन, आणि त्याखेरीज माणसांवरचा भरवसा. बायका आपापल्या घरी पेन्सिलीने कागदावर फ्लोचार्ट काढायच्या आणि त्यावरून कोड लिहायच्या. ते कागद टपालाने डेटा सेंटरला जायचे. तिथे ते कागदी फितीवर किंवा कार्डावर भोकं पाडून पंच व्हायचे, मग चूक सापडावी म्हणून पुन्हा एकदा पंच व्हायचे, आणि त्यानंतर कुठे संगणकाच्या जवळ पोचायचे. काँकॉर्ड या ध्वनीहून वेगवान विमानाच्या ब्लॅक बॉक्ससाठीचं प्रोग्रामिंग अशा घरबसल्या बायकांनी केलंय.

दुसऱ्यांदा पंच करण्याचं वाचलं आणि मला माझे दिवस आठवले. १९८६ साली मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात ईडीपी, म्हणजे संगणकाच्या खात्यात होते. कोबोल या संगणकभाषेत पगाराचा प्रोग्राम चालायचा. डेटा एन्ट्रीच्या मुली जोडीने बसायच्या. एकीने टाकलेला आकडा दुसरी न बघता पुन्हा टाकायची, दोन्ही जुळले तरच तो पुढे जायचा. चोवीसशे कामगारांचा पगार त्या जुळण्यावर अवलंबून होता. मुलगी झाली तेव्हा मी आठवड्यातून तीन दिवस काम मागितलं. साहेब म्हणाले, अर्धवेळ माणूस या खात्यात चालत नाही. मी राजीनामा दिला आणि नऊ वर्षं नौपाड्याला घरी गणिताच्या शिकवण्या घेतल्या. त्या वर्षांत मला रोज वाटायचं की कमी मी पडले. खातं कमी पडलं, हे कळायला फार वेळ लागला. तुझा तेवढा वेळ जाऊ नये, म्हणून इतकं पाल्हाळ लावलं.

शर्लीबाईंनी गिऱ्हाइकाला तासांचा हिशेब दिला नाही. कामाची ठरलेली किंमत सांगितली. ते काम सोमवारी सकाळी झालं की शनिवारी मध्यरात्री, कोणत्या बाईने किती बैठकांत केलं, हा गिऱ्हाइकाचा प्रश्नच उरला नाही. आणि कामं लिहून ठेवायची, तपासायची, एकीकडून दुसरीकडे सोपवायची, यासाठी त्यांनी पद्धती बसवल्या, नियम लिहिले. ते नियम पुढे नाटोनेही स्वीकारले. माझ्या मते ते इतके चोख झाले कारण त्या बायका एका खोलीत बसत नव्हत्या. शेजारच्या टेबलावर जाऊन 'तू इथे काय केलंयस गं?' असं विचारायची सोय नव्हती, म्हणून सगळं कागदावर उतरवणं भाग होतं.

'स्टीव्ह' हे नावही याच काळातलं. स्टेफनी या नावाने पाठवलेल्या पत्रांना उत्तरं येत नव्हती. पतीने, डेरेक शर्ली यांनी, सुचवलं की सहीत घरचं लाडकं नाव 'स्टीव्ह' लिही. उत्तरं यायला लागली. समोरून बाई आत येतेय हे कळेपर्यंत त्या खोलीत पोचलेल्या असायच्या. घरात बाळाचा आवाज असायचा, म्हणून टाइपरायटरचा खडखडाट टेपवर घेऊन ठेवला होता. फोन आला की तो मागे लावून द्यायच्या, म्हणजे पलीकडच्याला ऑफिस वाटावं.

वाचून बरं वाटलं ना? त्यांनाही लपवावं लागलं होतं. म्हणून त्या मुलाखतीतल्या खोट्याबद्दल स्वतःला फार कोसू नकोस. पण त्या काय लपवत होत्या ते नीट बघ. काम कुठे बसून होतं, हे. काम येतं का, किती वर्षं केलं, यात त्यांनी फसवलं नाही. तू शिक्षणाचं खोटं सांगितलंस. आयटीत कागदपत्रांची पडताळणी होते हे मी तुला सांगायला नको, आणि तिथे सापडलीस तर तुझी खरी नऊ वर्षंही संशयात जातील. सीव्हीवर एकच ओळ लिही, 'कुटुंबातील जबाबदारीसाठी विराम', आणि वर्षं टाक. त्यापुढे एक शब्द नाही. मुलाचं निदान कोणत्याही एचआरला सांगायला तू बांधील नाहीस. "घरी कोण बघतं?" असं विचारलं तर सांग, "व्यवस्था आहे." ही त्याची लाज नव्हे. त्याची खासगी गोष्ट तू जपतेयस. ओढणीचं टोक धरून बसलेल्या लेकराकडे सरळ बघ.

आता जाइल्सबद्दल. तुझ्या व्याख्यानात हे आलं नसणार.

तो गोड बाळ होता. अडीच वर्षांच्या आसपास येत असलेले दोन-चार शब्द गेले आणि तो पुन्हा कधी बोलला नाही. सांभाळायला फार अवघड झाला. वयात येताना फिट्स सुरू झाल्या. त्या काळात आत्ताच्यासारख्या थेरपी, विशेष शाळा फारसं काही नव्हतं. आई-वडील दोघंही ओढत राहिले. १९७० च्या दशकात मध्यावर कधीतरी शर्लीबाई इतक्या कोसळल्या की त्यांनाच रुग्णालयात दाखल करावं लागलं. जाइल्स किशोरवयात मनोरुग्णालयात गेला आणि अकरा वर्षं तिथे राहिला. कंपनीही मंदीत बुडता बुडता वाचली होती. नंतर त्यांनी संस्था काढली, तिच्या पहिल्या घरात पहिला राहायला आला तो त्यांचाच मुलगा. १९९८ साली, पस्तिसाव्या वर्षी, तो गेला. त्याच्या गरजेशिवाय जगायला आपण शिकलो, असं त्या म्हणाल्या होत्या. ते ऐकलं तेव्हा मी काम बाजूला ठेवून बसून राहिले होते.

त्या बाईंनी सगळं 'जमवलं' नाही. काही जमलं, काही मोडलं, त्या स्वतः मोडल्या, आणि पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा शेकडो जणी सोबत होत्या. सुरुवातीच्या तीनशे माणसांत पुरुष फक्त तीन. १९७५ साली ब्रिटनमध्ये स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्ध कायदा आला आणि केवळ बायकांना प्राधान्य देणं बेकायदा ठरलं. तेव्हा पुरुषांना दार उघडावं लागलं. पुढे कंपनीचा चौथा हिस्सा त्यांनी कर्मचाऱ्यांच्या हाती दिला, त्यासाठी अकरा वर्षं खपल्या. शेअर बाजारात नाव लागल्यावर सत्तर कर्मचारी पौंडांत दशलक्षाधीश झाले. स्वतःची संपत्ती त्यांनी जवळजवळ सगळी देऊन टाकली, बरीचशी ऑटिझमच्या कामाला. ऑगस्ट २०२५ मध्ये, ९१ व्या वर्षी त्या गेल्या. 'त्यांना जमलं, तुम्हाला का नाही' असं कोणी म्हणालं तर विचार, त्यांना कोण कोण होतं, आणि आम्हाला कोण आहे?

तू म्हणशील, मला कोणी नाही. तर तुझं पत्र पुन्हा वाच. सगळ्यात मोठी गोष्ट तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस: बाकावरच्या पाच जणी, त्यातल्या दोघी आयटीतल्या.

एकटीने काम घेऊ नकोस. तुझी अडचण मला ठाऊक आहे. काम पूर्ण करून देण्याचा दिवस आणि मुलाला ताप येण्याचा दिवस एकच असणार. असा दिवस आला की एकट्या बाईचं नाव कायमचं खराब होतं. तिघी असतील तर दुसरी उचलते. पण त्यासाठी पहिलीचं काम दुसरीला फोन न करता कळलं पाहिजे. तुझ्या भाषेत सांगायचं तर टेस्ट केस, म्हणजे काय कसं तपासायचं ते, अशी लिहायची की लिहिणारी रात्रभर दवाखान्यात असली तरी सकाळी साडेनऊला दुसरी बसून ती चालवेल. हे तू नऊ वर्षं केलंयस. फरक इतकाच, की आता तो तुमच्या घराचा आधार असेल.

वेळेचं बघू. नऊ ते एक शाळा. जाण्या-येण्यात, स्वयंपाकात, सासूबाईंच्या कामात एक तास धर. रोजचे तीन तास हातात राहतात. तिघींचे मिळून आठवड्याला पंचेचाळीस, म्हणजे एका पूर्णवेळ माणसाचं काम. रात्री दहानंतरचे तास यात मी मुद्दाम धरले नाहीत आणि तूही धरू नकोस. तुझी झोप तुझ्या मुलाच्या थेरपीइतकीच महत्त्वाची आहे. मन सारखं दबलेलं राहत असेल, कारण नसताना रडू येत असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर बोल. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. 

काम कुठून मिळवायचं? एचआरच्या दारातून आता जाऊ नकोस, जुन्या टीमच्या दारातून जा. नऊ वर्षांत तुझ्याबरोबर बसलेली माणसं आज कुठे कुठे लीड असतील, मॅनेजर असतील, एखाद्याने स्वतःची छोटी कंपनी काढली असेल. रिलीजच्या तोंडावर अशा छोट्या कंपन्यांना टेस्टर हवे असतात आणि कायमचा पगार परवडत नाही. एकाला फोन कर. नोकरी मागू नकोस. "एक मॉड्यूल द्या, अमुक दिवसांत तपासून रिपोर्टसकट देते, किंमत इतकी" असं सांग. तासाचा दर अजिबात बोलू नकोस. तासाचा दर आला की कोणीतरी तुझे तास मोजायला लागतो.

एक काम माझ्या मनात आहे, पटलं तर बघ. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा संकेतस्थळं आणि डिजिटल सेवा दिव्यांगांना वापरता येतील अशा हव्यात, असं सांगतो. दिसत नाही त्याला पान वाचून दाखवलं जातं का, हात थरथरतो त्याला बटण दाबता येतं का, एकाच वेळी दहा गोष्टी लुकलुकल्या तर कोणाचा गोंधळ उडतो, हे तपासणारं माणूस लागतं. तांत्रिक नियम तुम्ही तिघी दोन महिन्यांत शिकाल. पण अचानक वाजलेल्या आवाजाने एखादं मूल कसं कान झाकून घेतं, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको.

एआयचं थोडक्यात. कोड लिहिणं सोपं होतंय, हे खरं. ते बरोबर आहे का हे बघणं सोपं झालेलं नाही. उलट न समजता लिहिलेला कोड वाढेल, तसं तपासणाऱ्याचं काम वाढेल असं मला वाटतं. ऑटोमेशनची नवी साधनं शीक, एआयकडून टेस्ट केस काढून घे, मग त्यात काय सुटलं ते शोध. पाच वर्षांत साधनं बदलली असतील. शंका घ्यायची सवय तुझ्यापाशी आहे, ती गेलेली नाही.

राहिल्या सासूबाई. "पैशावाचून काही अडलंय का?" या प्रश्नाला वाद घालून उत्तर देऊ नकोस. त्या मनाने वाईट नाहीत, हे तुझ्या पत्रातूनच दिसतं. दुपारी मुलगा झोपला की चहा घेऊन त्यांच्याजवळ बस आणि आपल्यानंतर याचं काय, ही गोष्ट काढ. त्यांच्याही मनात ती रोज असते, पण नातवाबद्दल असं बोलणं अभद्र वाटतं म्हणून त्या गिळून टाकत असतील. त्यांना सांग की तो अठरा वर्षांचा झाल्यावर गरज असेल तर कायद्याने पालक नेमता येतो आणि त्यासाठी नॅशनल ट्रस्टच्या कायद्यात सोय आहे. त्याच ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो, तो अजून काढला नसेल तर आधी काढ. त्याचं दिव्यांगत्वाचं कार्ड झालंय का, तेही बघ. वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तिथे चौकशी कर. आणि मग सांग, "आई, याच्या नावाने पैसे साठवायला मला माझी कमाई हवीय." हे खरंच आहे. त्यापुढे आणखी एक खरं आहे, तेही त्याच बैठकीत सांग: "आणि मला काम आवडतं." या दुसऱ्या वाक्यासाठी कोणतंही कारण जोडू नकोस. मुलाच्या भविष्याच्या पदराआड ते लपवलंस तर उद्या पैसे पुरेसे झाल्यावर तुला पुन्हा घरी बसवतील.

नवऱ्याबद्दल तू फक्त त्याच्या येण्या-जाण्याच्या वेळा लिहिल्यास. तो थेरपिस्टला कधी भेटलाय का? डेरेक शर्ली भौतिकशास्त्रज्ञ होते, स्वतःची नोकरी होती, तरी जाइल्सचं ओझं दोघांनी वाहिलं. शनिवारची सकाळ पूर्ण त्याच्याकडे दे. तू घरात थांबूही नकोस. तू समोर असलीस की मूल तुझ्याकडेच येणार आणि बाप सुटणार. पहिले दोन शनिवार गोंधळ होईल, होऊ दे.

आणि मुलाला काम करणारी आई चालेल का, हे तू विचारलं नाहीस, पण पत्रभर तेच आहे. तो शाळेत असताना तू काय करतेस याने त्याचं काही हिरावत नाही. एक वाजता तू दारात उभी असलीस की झालं. फक्त एक कर. कामाची जागा ठरव, रोज तीच खुर्ची, तीच वेळ. सुट्टीच्या दिवशी तो घरी असेल तेव्हा ती खुर्ची रिकामी ठेव. आपल्या मुलांना दिवसाचा आकार कळला की ती शांत राहतात, हे तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतेस.

पहिलं काम लहान घ्या, एका आठवड्यात संपेल एवढं. पैसे तिघींत कसे वाटायचे ते काम घेण्याआधी लिहा. मैत्रीत लिहायला संकोच वाटतो, म्हणून तर लिहायचं. कंपनी, भागीदारी, जीएसटी हे सगळं दोन-तीन कामं झाल्यावर बघता येईल. बाकावरच्या उरलेल्या दोघींना विसरू नकोस. एखादी हिशेब बघणारी निघेल, एखादी शिक्षिका असेल, तिच्याइतकं सोपं आणि स्वच्छ लिहिणारं तुम्हाला कोणी मिळणार नाही.

पुढच्या थेरपीला जाशील तेव्हा मोबाइल पर्समध्ये ठेव. त्या दोघींच्या मध्ये जाऊन बस आणि एवढंच विचार: सकाळी साडेनऊ ते साडेबारा तुम्ही काय करता गं? त्या काय म्हणाल्या ते मला लिहून कळव.

तुझी ताई